छंद की धंदा? कुठल्याही एकाच चौकटीत टिक करा

"मॅडम, आत काय आहे?"

"पेन."

"पेन? पाइपात?"

गेल्या चार वर्षांत हा संवाद मी इतक्यांदा म्हटलाय की आता झोपेतही म्हणेन. आमच्या पोस्टातले काउंटरवरचे काका चांगले ओळखीचे झालेत. मी रांगेत दिसले की चष्मा कपाळावर सरकवतात. तरीही पाकीट हातात आलं की ते कानाशी नेऊन एकदा हलवतातच. मग ठरलेला पुढचा प्रश्न, "तिकडे पेनं मिळत नाहीत का हो?"

मिळतात हो काका. ढिगाने मिळतात. पण त्यांना हेच हवं असतं, त्याला मी काय करू?

तर प्रकरण असं आहे. मला जुन्या फाउंटन पेनांचं वेड आहे. वेड म्हणजे किती, तर रविवारी सकाळी मैत्रिणी झोपा काढत असतात तेव्हा मी पुण्याच्या जुन्या बाजारात गंजलेले नळ, रेडिओचे सांगाडे आणि बिनकाट्यांची घड्याळं यांच्यात उकिडवी बसलेली असते. आठवडाभर कीबोर्ड बडवून लेख पाडायचे आणि रविवारी बोटं शाईने बरबटवायची. मास कॉमची डिग्री घेतली तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की पत्रकाराच्या बोटाला शाई लागायला वेगळा छंद लावून घ्यावा लागेल!

त्यातही माझं प्रेम एबोनाइटच्या पेनांवर. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. चोळलं की गंधकाचा वास येतो, उन्हात राहिलं की काळ्याचं तपकिरी-हिरवट होतं, आणि हातात धरलं की प्लास्टिकसारखं थंड लागत नाही. आपल्याकडे ड्रॉपरने शाई भरायची अशी पेनं वर्षानुवर्षं बनली. राजमहेंद्रीत तर १९३२ पासून हाताने बनवताहेत. परदेशातल्या पेनवेड्यांना या आपल्या ड्रॉपरवाल्या पेनांचं भारी अप्रूप. तिकडे कधीच मागे पडलेली शाई भरायची पद्धत, आणि इकडे अजून चालू! इथे मात्र दीडशेचं पेन महिनाभर खपून नीट केलं आणि हजार रुपये सांगितले की समोरचा म्हणतो, "यात रिफिल बसते का?"

म्हणून मी विकायला लागले बाहेर. एका साइटवर छोटंसं दुकान काढलं, महिन्याला दोन नाहीतर तीन पेनं. आणि मग कळलं की पेन दुरुस्त करणं हा सगळ्यात सोपा भाग होता.

पॅकिंगपासूनच सुरुवात. पेन कोरडं ठणठणीत हवं, कारण विमानात हवेचा दाब कमी झाला की आतली उरलीसुरली हवा फुगते आणि शाई टोपणात येते. खोक्यात ठेवलं तर खोकं चेपतं. त्यावर जगभरच्या पेनवाल्यांचा रामबाण उपाय म्हणजे प्लंबरचा पीव्हीसी पाइप. आमच्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याला मी पहिल्यांदा "साडेसहा इंचांचे दहा तुकडे" म्हटलं, तेव्हा त्याने माझ्याकडे आणि मग माझ्यामागे कुणी शहाणं माणूस उभं आहे का, ते पाहिलं. आता तो आपणहून कडा घासून देतो. पाइपात फोम, फोममध्ये पेन, दोन्हीकडे टोपणं, वर पुठ्ठा. हे सगळं एक्सरेच्या पडद्यावर कसं दिसत असेल, याचा मी विचार करत नाही. तुम्हीही करू नका.

शाई पाठवायचं तर नावच काढायचं नाही. काउंटरवर द्रव म्हटलं की मान आडवी हलते. एकदा पितळेची एक देखणी दौत मिळाली होती, टेक्सासच्या एका बाईंना ती हवीच होती. पण वस्तू शंभर वर्षांपलीकडची असेल तर १९७२च्या कायद्याने ती पुरावस्तू ठरते आणि देशाबाहेर जाऊ शकत नाही. माझी दौत नव्वद वर्षांची की एकशे दहा, हे पुरातत्त्व खात्याला विचारत बसण्यापेक्षा मी तिच्यात पेन्सिली ठेवते.

पण खरी मजा फॉर्ममध्ये आहे. परदेशी जाणाऱ्या छोट्या पाकिटाला कस्टमचा एक फॉर्म लागतो, सीएन २२. पाहायला गेलं तर तळहाताएवढा. आता बरीचशी माहिती कॉम्प्युटरवर जाते, पण चौकटी त्याच. भेटवस्तू, कागदपत्रं, नमुना, विक्रीचा माल, परत पाठवलेला माल, इतर. यातल्या एकीत टिक करायची. खाली वस्तूचं वर्णन, वजन, किंमत आणि एक क्रमांक. पेनाचा ९६०८ने सुरू होतो, तो मला माझ्या पिनकोडइतका पाठ आहे. शेवटी सही.

आता सांगा, दीडशे रुपयांना घेतलेल्या आणि तीन आठवडे रात्री जागून नीट केलेल्या पेनाची किंमत काय लिहायची? आणि टिक कशात करायची?

इथे मला एक कबुली द्यायची आहे. २०२३ मध्ये टोरंटोहून एका मराठी काकांची ऑर्डर आली. शाळेत असताना त्यांच्याकडे कॅम्लिनचं जसं पेन होतं, अगदी तसंच त्यांना हवं होतं. फोनवर तासभर बोलले. दांडेकरांनी १९३१ मध्ये हॉर्स ब्रँड शाईपासून सुरुवात केली होती, हे मला त्यांनीच सांगितलं. शेवटी म्हणाले, "अगं, फॉर्मवर गिफ्ट लिही हां. आणि किंमत पंधरा डॉलर. वीसच्या वर गेलं की इथे टॅक्स लावतात. सगळे असंच करतात."

आपलाच माणूस. सगळे असंच करतात. मी भेटवस्तूत टिक केली, पंधरा लिहिले आणि खाली झोकात सही ठोकली. पेन विकलं होतं सत्तरला.

ते पाकीट पोचलंच नाही. तेरा अक्षर-आकड्यांचा तो नंबर, शेवटी 'आयएन' असलेला, मी दिवसातून आठ वेळा टाकून बघायचे. मुंबईहून निघालं एवढं दिसायचं, पुढे शुकशुकाट. कुठे गहाळ झालं, कोण जाणे. साइटने नियमाप्रमाणे काकांचे सत्तर डॉलर त्यांना परत केले, माझ्या खात्यातून. आणि भरपाई मागायची तर कशाच्या जोरावर? माझ्याच सहीचा कागद सांगत होता की आत पंधरा डॉलरची भेट होती. मी एका काकांना पंधरा डॉलरची भेट दिली होती आणि ती हरवली, एवढंच जगाच्या दृष्टीने घडलं होतं.

पैशांचं दुःख होतंच. पण जास्त झोंबलं ते दुसरंच. त्या पेनाची जीभ, म्हणजे निबेला शाई पुरवणारा खालचा काळा तुकडा, मी चार वेळा गरम पाण्यात धरून वाकवून बसवला होता. त्या सगळ्या खटपटीची किंमत मी स्वतःच्या हाताने पंधरा लिहिली होती.

त्यानंतर ठरवलं, खरं तेच लिहायचं. बोलायला सोपं! खरं लिहायचं म्हणजे 'विक्रीचा माल'. विक्रीचा माल म्हणजे निर्यात. निर्यात म्हणजे आयात-निर्यात कोड. तो पाचशे रुपयांत घरबसल्या मिळतो, मान्य. पण मग इन्व्हॉइस आलं, पोस्टाचं निर्यात बिल आलं, बँकेतून फोन आला की हे डॉलर कशाचे? लेखाच्या मानधनाचे की मालाचे? म्हटलं, पेनाचे. पलीकडे शांतता. मग, "मॅडम, कंपनीचं नाव काय लिहू?"

बाबा बँकेतूनच रिटायर झालेत, त्यामुळे घरी रोजची उलटतपासणी. "तू हे छंद म्हणून करतेस की धंदा म्हणून?"

"छंद म्हणूनच हो बाबा."

"मग एवढ्या नोंदी कशाला?"

"विकते ना."

"मग धंदा म्हणायची लाज कशाला?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आजही फारसं नाही.

बरं, मी खरं लिहायला लागले आणि नेमकं त्याच सुमारास जगाने आपापल्या खिडक्या एकेक करून लावून घ्यायला घेतल्या. युरोपने २२ युरोंपर्यंतची सूट १ जुलै २०२१ला काढली, म्हणजे पहिल्या युरोपासून व्हॅट. माझ्या एका जर्मन गिऱ्हाइकाला पेन सोडवायला गाडी काढून कस्टमच्या ऑफिसात जावं लागलं, पैसे भरल्याचा पुरावा घेऊन, कारण वर्णनात मी नुसतं 'पेन' लिहिलं होतं. तेव्हापासून मी 'जुनं, वापरलेलं, रिकामं, एबोनाइटचं फाउंटन पेन' असं लांबलचक लिहिते, पत्रिका छापल्यासारखं. पण १३ डिसेंबर २०२४ला त्यांचा उत्पादन सुरक्षेचा नवा नियम लागू झाला. आता तिथे काही विकायचं तर त्या मालाची जबाबदारी घेणारा कुणीतरी युरोपातच हवा. एका पेनासाठी युरोपात जबाबदार माणूस कुठून आणू? इथे घरात सापडत नाही! मी युरोप बंद केला. ब्रिटनचा व्हॅट वेगळा, त्याची कथा वेगळी. असो.

आणि हे फक्त तिकडच्यांचंच आहे असं समजू नका. आपल्याकडे डिसेंबर २०१९ मध्ये नियम आला की भेट म्हणून पोस्टाने किंवा कुरिअरने येणारा माल ड्युटी न भरता सुटणार नाही. अपवाद दोनच, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. हो, राखी! राखीबरोबर पाठवलेली भेट मात्र नाही. सरकारच्या कागदात भावाबहिणीच्या प्रेमाची इतकी काटेकोर मोजणी मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

उरली अमेरिका. अमेरिका म्हणजे आम्हा छोट्या विक्रेत्यांचा स्वर्ग होता. २०१६ पासून तिथे ८०० डॉलरपर्यंतच्या पाकिटाला ड्युटीच नव्हती. खरं लिहा, खोटं लिहा, पाकीट थेट दारात. तिकडे खरं लिहायला काही पैसे पडत नव्हते, म्हणून माझा प्रामाणिकपणाही मजेत चालला होता.

माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक ओहायोतलं. शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, मी मनातल्या मनात त्यांना मास्तर म्हणते. तीन वर्षांत त्यांनी सात पेनं घेतली. प्रत्येक पेन पोचलं की सविस्तर मेल, निब कुठे अडते, टोपण किती आट्यांत लागतं, सगळं. तपासलेली वहीच परत आल्यासारखं वाटतं. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी आठवं पेन घेतलं. जाडजूड, काळं, टोपणावरचं नाव पार झिजलेलं. ऐंशी डॉलर.

२५ ऑगस्ट, सोमवार. दोन दिवसांवर गणपती. लक्ष्मी रोडवर पाय ठेवायला जागा नाही. मी पाइप बगलेत मारून पोस्टात पोचले. काकांनी या वेळी पाकीट हलवलंच नाही.

"अमेरिका? विक्रीचं असेल तर आजपासून बुकिंग बंद."

मला माहीत होतं, नव्हतं असं नाही. २९ ऑगस्टपासून ती ८०० डॉलरची सूट अमेरिका बंद करणार होती. ड्युटी घ्यायची कुणी, भरायची कुणी, याचा पत्ता नसल्याने विमान कंपन्यांनी टपाल न्यायला नकार दिला होता आणि आपल्या टपाल खात्याने दोन दिवस आधी तसं जाहीरही केलं होतं. बातमी मी वाचली होती. पण बातम्या लिहिणाऱ्या माणसांना उगाच वाटत असतं की बातमी दुसऱ्यांच्या बाबतीत घडते.

"पत्रं आणि कागदपत्रं घेतोय," काका म्हणाले. आणि मग आवाज थोडा खाली आणून, "आणि भेटवस्तू. शंभर डॉलरपर्यंत."

माझं पेन ऐंशीचं.

माझ्यामागे एक आजी होत्या, हातात घट्ट शिवलेलं कापडी पार्सल. मुलगी न्यू जर्सीला, आत भाजणी आणि मेतकूट. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "अगं, गिफ्टच लिही की," त्या म्हणाल्या. "कोण बघायला येतंय? मी नाही का लिहिलंय?"

"आजी, तुमचं खरंच गिफ्ट आहे."

"मग तुझं पण करून टाक. पेन काय, देतातच की लोक."

काकांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. पेनही दिलं, दोरीला बांधलेलं बॉलपेन. एक टिक. मास्तरांना पेन मिळणार होतं, मला पैसे मिळालेलेच होते. कुणाचं काय बिघडलं असतं? माझ्यात हरिश्चंद्र संचारला वगैरे अजिबात नव्हता. मला आठवत होते ते टोरंटोचे पंधरा डॉलर. आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. साइटवर विक्रीची नोंद, बँकेत विक्रीची नोंद, आणि या चिमुकल्या कागदावर भेट? बाबांची मुलगी आहे मी शेवटी.

फॉर्म परत सरकवला. आजी म्हणाल्या, "काय गं बाई!" आणि पुढे झाल्या.

गणपती आले त्याच दिवशी, २७ ऑगस्टला, भारतीय मालावरची अमेरिकेची ड्युटी ५० टक्क्यांवर गेली. महिनाअखेरीस आपल्या टपाल खात्याने पत्रं आणि भेटवस्तूसुद्धा थांबवल्या. आजींचं मेतकूट तेवढं सुटलं असावं. मुदतीत पाठवलं नाही म्हणून साइटने माझी ऑर्डर रद्द केली आणि मास्तरांचे पैसे परत गेले. मी मेलमध्ये माफी मागितली. त्यांचं उत्तर एका ओळीचं, की पेन कुणाला विकू नका, मी थांबतो.

सप्टेंबरभर पाइप माझ्या टेबलावर उभा. मधे एक गिऱ्हाईक आलं, इथलंच, कोथरूडचं. पेन बघून हरखला, चार हजार द्यायला तयार झाला. रिफिलही विचारली नाही! मी नाही म्हटलं. आईने त्या दिवशी जेवताना विचारलं, "मग हा नक्की छंद की धंदा?" बाबा काही बोलले नाहीत, ताटातच हसले.

१५ ऑक्टोबरला बुकिंग परत सुरू झालं. नवा नियम असा, की मालाच्या किमतीवर ५० टक्के ड्युटी पाठवणाऱ्याने इथेच काउंटरवर भरायची. ऐंशीच्या पेनाला चाळीस डॉलर. मास्तरांना कळवलं, म्हटलं आता घ्यायलाच हवं असं नाही. ते म्हणाले, पूर्ण मी देतो. मी म्हटलं, निम्मी मी देते. दोन दिवस मेलमधून असं भांडलो जसं हॉटेलात बिलावरून भांडतात. शेवटी वीस-वीसवर तडजोड झाली.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी पोस्टात गेले. आता रांगेत नुसता फराळाचा घमघमाट. काकांनी पाकीट घेतलं आणि कानाशी नेऊन हलवलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! विक्रीचा माल, ऐंशी डॉलर, सही. साइटचं कमिशन, पोस्टेज आणि माझ्या वाट्याचे वीस जाऊन जे सुटलं, त्यात जुन्या बाजारातले पुढचे चार-पाच रविवार निघाले असते. कोथरूडवाल्याचे चार हजार मी आईसमोर मुद्दाम काढले नाहीत. (त्यानंतर ड्युटीचे दर काय काय झाले, ते इथे लिहीत बसत नाही. अंक तुमच्या हातात पडेपर्यंत ते बदललेले असतील. पाठवायचं असेल तर त्या दिवशी सकाळी काउंटरवर विचारा, आदल्या दिवशीसुद्धा नको.)

जानेवारी २०२६ मध्ये एक पत्र आलं. खरंखुरं, पाकिटातलं, तिकीट लावलेलं. पत्राला ड्युटी नाही, फॉर्म नाही, टिक नाही. मास्तरांचं अक्षर मी पहिल्यांदा पाहिलं, सरळ, जरासं मागे झुकलेलं, निळ्या-काळ्या शाईत. पेन आवडलं, झिजलेलं नाव भिंगातून वाचायचा प्रयत्न चालू आहे, असं दोन पानं. तिसऱ्या पानावर तपासणी. निब उजवीकडच्या वळणाला खरखरते. तुमच्या लक्षात कसं आलं नाही? मी हे पेन दुरुस्तीला परत पाठवू का?

वाचता वाचता माझ्या डोळ्यांपुढे ती चौकट आली. 'परत पाठवलेला माल'. मग आपल्याकडचं कस्टम, मग हा माल मुळात इथूनच गेला होता याचे पुरावे, मग दुरुस्त करून पुन्हा काका, पुन्हा पाइप, पुन्हा टक्केवारी.

त्याच रात्री मी बसून मास्तरांना उलटटपाली पत्र लिहिलं. अतिबारीक पॉलिशपेपर घ्या, त्यावर पाण्याचा एक थेंब टाका, हात अजिबात न दाबता इंग्रजी आठचा आकडा काढा, दहा वेळा, मग लिहून बघा. सोबत निबेचं चित्र काढलं आणि नेमकं कुठे घासायचं तिथे बाण दाखवला. सकाळी पोस्टात गेले.

काकांनी पाकीट बोटांनी चाचपलं. "आज पाइप नाही?"

"नाही. पत्र आहे."

"नुसतं पत्र?" त्यांनी दिव्यासमोर धरून बघितलं.